पायाखालची फरशी

कंडक्टरबाई पडल्या त्या चालत्या बसमधून नव्हे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यासमोर पडल्या. मोडलेल्या हाडापेक्षा हीच गोष्ट त्यांना जास्त झोंबली होती.

उभी हयात त्यांनी चालत्या गाडीत उभं राहून काढलेली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की बसलेली माणसंसुद्धा समोरच्या सीटवर कपाळ आपटून घ्यायची, पण बाई आपल्या खांद्याला पिशवी लावून, कशालाही न धरता, जागच्या जागी. नोकरीला लागलेल्या नव्या पोरींना डेपोतले जुने लोक सांगायचे, तिकीट फाडायला कोणीही शिकवील, उभं कसं राहायचं ते हिच्याकडे बघून शिका. निवृत्त झाल्या तरी कंडक्टरबाई हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. भाजीवाला, वाणी, खालचा रखवालदार, सगळे त्यांना त्याच नावाने ओळखायचे.

आणि अशी बाई एका साध्या सकाळी ओट्यापासून टेबलापर्यंत जाताना सपशेल आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. आवाज ऐकून शेजारीण धावत आली म्हणून बरं. तिने लेकीला फोन केला, गाडी बोलावली, बाईंना नेल्यावर सांडलेलं पाणी पुसून घेतलं आणि दाराला कुलूप लावून किल्ली पोचती केली. ऑपरेशन झालं. आत सळई बसली, टाके सुटले, डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की हाड झकास जुळलंय, आता बिनधास्त चाला.

पण बाई काही चालेनात.

लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं होतं. नातू शिकायला बाहेर गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती. त्याच्या क्रिकेटच्या बॅटा आणि जुन्या पुस्तकांच्या संगतीत बाईंचा पलंग पडला. लेक हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात सिस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना उठवायची, बसवायची, कूस बदलायची, आणि घरी आली की आपल्या आईचं तेच. बोलायला फटकळ होती, पण आईच्या पायाला तेल लावताना तिचा हात असा काही हलका व्हायचा की बाईंना तिचं लहानपण आठवायचं. आईने हट्टाने चालावं असं तिचं म्हणणं अजिबात नव्हतं. उलट बाई पलंगावरून उठल्या की ती हातातलं काम टाकून धावायची. व्यायाम घ्यायला येणारी तरुणी म्हणायची, आजी, वॉकर सोडा आता. लेक मागून म्हणायची, घाई काय आहे?

व्यायामापुरता वॉकर, एरवी बाई चालायच्या त्या भिंतीने. एक हात भिंतीवर सपाट ठेवायचा आणि पाय न उचलता पुढे सरकवायचे. घरात फर्र, फर्र असा आवाज आला की समजायचं, बाई बाथरूमला निघाल्या. हात घासून घासून पॅसेजच्या भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. तो पट्टा लेकीला दिसला नाही. जावयाला दिसला, पण तो कसा बोलणार?

जावई शाळेत विज्ञान शिकवायचा. अबोल माणूस. सासू-जावयात कधी वाकडा शब्द गेला नव्हता, कारण मुळात शब्दच फारसे जात नव्हते. बाई त्याला ‘अहो जावईबापू’ म्हणायच्या, तो त्यांना ‘आई’ म्हणायचा, आणि घ्या, बसा, राहू द्या, चालेल, एवढ्यात दोघांचा संसारभराचा संवाद आटपायचा. आता मात्र पंचाईत झाली. त्याची शाळा सकाळची, लेकीची ड्युटी दिवसाची. दुपार झाली की घरात हे दोघंच. तो चहा करायचा, कप खोलीच्या दाराशी स्टुलावर ठेवायचा, हलकेच खाकरायचा आणि निघून जायचा. बाई कप घ्यायच्या. रिकामा कप परत स्टुलावर. एखाद्या लॉजमध्ये उतरल्यासारखं दोघांचं चाललं होतं.

पावसाळ्यानंतर शाळेत घर्षणाचा धडा आला. जावईबापूंची, म्हणजे मास्तरांची, एक सवय होती. वर्गात दाखवायचा प्रत्येक प्रयोग ते आधी घरी करून बघायचे. नोकरीच्या सुरुवातीला एकदा भर वर्गात प्रयोग फसला होता आणि पोरं जी हसली होती, तो धसका त्यांच्या मनातून अजून गेला नव्हता. तेव्हा एका दुपारी त्यांनी दिवाणखान्यात चटई गुंडाळून बाजूला केली, कपाटातली एक लांब फळी काढली, तिच्या एका टोकाखाली पुस्तकं रचली आणि वर लाकडाचा ठोकळा ठेवला. एकेक पुस्तक वाढवत गेले. ठोकळा सरकला की खूण करायची. मग फळीवर फडकं अंथरून तेच, मग पॉलिशपेपर लावून तेच, मग तेलाचं बोट फिरवून.

बाईंच्या पलंगावरून हे सगळं दारातून तिरकं दिसत होतं. पहिल्यांदा त्यांनी कानाडोळा केला. मग मान जरा पुढे काढली. एवढा मोठा माणूस जमिनीवर गुडघे टेकून एका ठोकळ्याची वाट बघत बसलाय, ह्याची त्यांना गंमत वाटली. पॉलिशपेपरवर ठोकळा काही केल्या हलेना, मास्तर पुस्तकावर पुस्तक चढवताहेत, आणि फळी आता घसरगुंडीसारखी झालेली. बाईंना राहवेना. त्या आतूनच म्हणाल्या, “अहो, ठोकळ्याआधी फळीच कोसळेल तुमची.”

आणि फळी कोसळली.

मास्तर हसले. बाईही हसल्या. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मास्तर दाराशी आले आणि म्हणाले, “आई, तुमची चप्पल मिळेल का जरा? मुलांना रोजच्या वापरातल्या वस्तू दाखवायच्या आहेत.”

बाईंनी पायातली सपात काढून दिली. मास्तरांनी फळीवर ओळीने मांडलं: स्वतःचा बूट, नातवाचा खेळायचा बूट, बायकोची हॉस्पिटलात घालायची चप्पल, आणि बाईंची सपात. प्रत्येकात तांदळाची सारख्या वजनाची पुडी. फळी उचलायला लागले, तर जेमतेम उचलली न उचलली तोच बाईंची सपात सुर्रकन खाली. बाकीची पादत्राणं अजून शांत बसलेली.

मास्तरांनी सपात उलटी केली. तळवा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. नक्षीचा मागमूस नाही.

“ही कधी घेतली?” त्यांनी विचारलं.

“लेकीनेच आणली, हॉस्पिटलातून आल्यावर.”

“एवढ्यात झिजली?” मास्तर विज्ञानाच्या तंद्रीत होते, समोर सासू आहे हे विसरले. “पाय उचलतच नाही ना तुम्ही. दिवसभर घासत चालता. घासून घासून तुम्हीच हिचा तळवा पुसून टाकलाय. आता ही खरंच पाडेल तुम्हाला.”

बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला, सपात परत घेतली, आणि संध्याकाळी लेक येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. लेकीने विचारलं, काय झालं? दोघांनीही मिठाची गुळणी धरली.

बाईंना राग आला होता हे खरं, पण कशाचा ते त्यांचं त्यांनाच नीट कळेना. घरात सगळे त्यांच्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलत होते. लेक, डॉक्टर, ती व्यायामवाली मुलगी, सगळे ‘हळू हां’, ‘छान’, ‘शाब्बास’ करणारे. खरं तोंडावर बोलणारा हा पहिलाच निघाला, आणि तोही सगळ्यांत अबोल. रात्री त्यांना झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर चहा घेऊन आले तर स्टुलाशी बाई नव्हत्या. त्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसल्या होत्या, अनवाणी.

“आज काय आहे?” त्यांनी विचारलं.

तिथून दोघांच्या दुपारी बदलल्या. मास्तरांनी बाटलीत तांदूळ ठासून भरले, त्यात लाटणं खुपसलं आणि लाटण्याला धरून अख्खी बाटली वर उचलून दाखवली. बाईंनी स्वतः करून बघितलं. पहिल्यांदा लाटणं हातात आणि बाटली टेबलावर, दुसऱ्यांदाही तसंच. तांदूळ अजून ठासा, असं मास्तर म्हणाले तेव्हा बाईंनी असे काही बुक्के मारले की बाटली उचलली गेलीच. हाताचे तळवे एकमेकांवर चोळून कोणाचे आधी गरम होतात ते बघितलं. बाई मुलांच्या वतीने शंका काढायच्या. मागच्या बाकावरच्या पोराला हे दिसणार नाही, वर उचलून दाखवा. तुम्ही फळीकडे बघून बोलता, पोरांकडे बघून बोला, नाहीतर ती तुमच्या डोक्यावर बसतील. मास्तरांना पटायचं. कधी पटायचं नाही, मग तेही तोंड उघडून सांगायचे. बाई म्हणायच्या, करून बघा, मग कळेल. सासू-जावयाची अशी खणाखणी दुपारभर चालायची आणि लेकीच्या पावलांची चाहूल लागली की दोघं गप्प. का गप्प, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एक दिवस मास्तरांनी नातवाची दोन जाडजूड जुनी पुस्तकं घेतली आणि एकाचं पान, त्यावर दुसऱ्याचं पान, असं करत सगळी पानं एकमेकांत गुंफली. ना डिंक, ना दोरा. मग पुस्तकाची एक पाठ बाईंच्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली आणि म्हणाले, ओढा.

बाईंनी बसल्या बसल्या ओढलं. काही झालं नाही. जोर लावला, तरी नाही.

“फसवताय. आत चिकटवलंय काहीतरी.”

“तुम्ही स्वतः पानं लावताना बघितलीत. ओढा की.”

बाईंना चेव आला. त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तक धरलं, दात आवळले आणि मागे रेटा दिला. मास्तर समोरून ओढताहेत, बाई इकडून. पुस्तकं जशीच्या तशी. बाईंनी अंग मागे टाकलं, टाचा फरशीत रोवल्या, गुडघे किंचित वाकवले आणि अशी काही ओढ घेतली की मास्तरच दोन पावलं पुढे आले. तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की बाई खुर्चीत नाहीत. खुर्ची मागे आहे, भिंत लांब आहे, वॉकर आतल्या खोलीत आहे आणि बाई दिवाणखान्याच्या मधोमध दोन पायांवर भक्कम उभ्या आहेत. ते पुस्तक तसंच ओढत राहिले. बोलले असते तर संपलंच होतं.

त्याच वेळी कुलूप उघडलं आणि लेक आत आली. तिची ड्युटी लवकर सुटली होती. दारातून तिला दिसलं ते असं: आपला नवरा आपल्या आईशी रस्सीखेच करतोय आणि आई लालबुंद होऊन मागे झुकली आहे.

पिशवी तिच्या हातातून पडली. तिने धावत जाऊन आईला पाठीमागून कवेत घेतलं आणि खुर्चीत बसवलं. मग नवऱ्याकडे वळली. त्यांच्या संसारात ती नवऱ्यावर अशी कधी बरसली नव्हती. तुला कळतं का काही, हे हाड आहे, खडू नाही, वॉर्डात रोज बघते मी काय होतं ते, एकदा जुळलेलं पुन्हा मोडलं तर माणूस उठत नाही, तुला तुझ्या प्रयोगांना दुसरं कोणी मिळालं नाही का. मास्तर मान खाली घालून उभे. बाईंनी सांगायचा प्रयत्न केला की मीच उठले, त्यांनी उठवलं नाही. लेकीने ऐकून घेतलं नाही. ती आत जाऊन रडली, हे बाईंना पाण्याच्या नळाच्या आवाजातूनही कळलं.

आपण उभ्या राहिलो होतो हे बाईंच्या ध्यानात आलं ते त्यानंतर. आणि ध्यानात आलं तोच घात झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम खुर्चीवरून उठून बघितलं तर पाय लटपटायला लागले. पटकन भिंत धरली. कालचा जोर कुठे गेला कळेना. ‘आता आपण उभ्या आहोत’ हा विचार मनात आला रे आला की उजवा पाय पाण्यासारखा व्हायचा.

मास्तरांनी फळी आणि ठोकळे कपाटात ठेवून दिले होते. शाळेतला धडा छान झाला असं त्यांनी सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, पण ते सांगण्यात उत्साह नव्हता. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. चहा निवत होता.

“तुम्हाला एक सांगते,” बाई म्हणाल्या. “लेकीला नका सांगू. मी घसरले असं सगळे म्हणतात. मी घसरले नाही. माझा पायच सुटला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय सांगू. टाकला आणि तो नव्हताच तिथे. दिवा विझावा तसा. माझ्या आईचं असंच झालं होतं. एकदा पडली, मग पुन्हा, मग अंथरूण धरलं ते उठलीच नाही. ती पण सांगायची, पाय सुटला म्हणून. माझ्यात ते सुरू झालंय. फरशी कुठली का असेना, आतूनच जर पाय दगा देणार असेल, तर चप्पल बदलून काय होणार?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. बाईंना वाटलं आता हे ‘असं काही नसतं’ म्हणणार, धीर देणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी विचारलं, “पाय कुठल्या दिशेला गेला?”

“अं?”

“तुमचा पाय खाली दुमडला, की पुढे गेला?”

बाईंनी डोळे मिटले. ती सकाळ त्यांनी इतक्यांदा मनात आणली होती, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही नाही. “पुढे,” त्या म्हणाल्या. “पुढे गेला. मी बुडावर पडले.”

“ताकद गेली असती तर गुडघा वाकून तुम्ही जागच्या जागी बसला असता, असं मला वाटतं. खात्रीने नाही सांगत, मी डॉक्टर नाही.” मग जरा थांबून ते म्हणाले, “तुमच्या घरी जाऊन बघू या का?”

पडल्यापासून त्या घराचं दार त्यांनी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी हो म्हटलं.

लेकीला सांगायचं की नाही ह्यावर दोघांचं जरा वाजलं. बाई म्हणत होत्या नको. मास्तर म्हणाले, मागच्या वेळी लपवलं आणि काय झालं बघितलंत. संध्याकाळी त्यांनी बायकोला सरळ सांगितलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, जायचंच असेल तर मी येणार, माझ्या सुट्टीच्या दिवशी.

घर बंद राहून कोंदट झालं होतं. खिडक्या उघडल्या, उजेड आत आला. लेकीने आईला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पाठीशी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. मास्तरांनी पिशवीतून एक कॅनव्हासचा बूट काढला, त्यात तांदळाची पुडी कोंबली, बुटाच्या नाड्यांना ओढीचा जोर मोजायचा, हूक लावलेला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि आडवं ओढायला सुरुवात केली. आधी दाराजवळ. कोरड्या फरशीवर काटा बराच ताणला तेव्हा कुठे बूट हलला. मग तिथे थोडं पाणी शिंपडलं. आता बूट जरा लवकर हलला, पण फार फरक नाही. मग टेबलाजवळ. तिथेही तसंच.

“फरशी तशी चांगली आहे,” मास्तर म्हणाले. बाईंनी लगेच हिशेब केला. फरशी चांगली म्हणजे पाय वाईट. त्यांनी मांडीवर हात गच्च धरले.

मग मास्तर ओट्यासमोर आले. बाईंनी बोटाने दाखवलेल्या जागी त्यांनी आधी कोरडंच ओढलं. दाराजवळ होतं तेवढंच. मग वाटीभर पाणी ओतलं, बूट ठेवला आणि ओढला. बूट असा सटकला की मास्तरांचा हात मागच्या कपाटावर आपटला. काटा ताणलाच नव्हता.

त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. ते खाली वाकले आणि ओल्या फरशीवर तळवा ठेवून गोल गोल चोळला. बोटांच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे आले. आणखी चोळलं. फरशीच्या सांध्यांतून पांढरा फेस वर यायला लागला, जणू कोणी खाली साबण दडवून ठेवला होता.

“हे काय आहे?” लेक पुढे झाली.

मास्तरांनी तिला हातानेच थांबवलं. ते टेबलाजवळ गेले, तिथेही तेवढंच पाणी ओतलं आणि तसंच चोळलं. फेस नाही. दाराजवळ, नाही. परत ओट्यासमोर, फेस. मग त्यांनी सिंकखालचं कपाट उघडलं. आत भांडी घासायच्या लिक्विडचा मोठा कॅन होता. उचलला तर हलका लागला. तळाशी केसाएवढी चीर होती. कॅनखालून एक हिरवट, डिंकासारखा वाळलेला ओघळ निघून कपाटाच्या दाराखालून बाहेर, फरशीपर्यंत आला होता.

त्या दिवशी सकाळी बाईंनी भाजी धुतली होती आणि चाळणीतून पाणी ठिबकलं होतं, ते बाईंना आठवलं. शेजारणीने पाणी म्हणून जे पुसलं ते नुसतं पाणी नव्हतं. वरचं पुसलं गेलं, सांध्यांतलं राहिलं.

“ह्यावरून त्या दिवशी नेमकं काय झालं हे सिद्ध होत नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा. “पण इथे कोणीही पाय ठेवला असता तरी तो पुढे गेला असता. माझाही.”

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. एकदा नाही, बऱ्याचदा. न केलेल्या चोरीसाठी एखाद्या पोराला मारावं आणि मग खरं कळल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा. इतके महिने त्या ह्या पायाला दूषणं देत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“उठू का जरा?” त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं.

लेकीने हात पुढे केला. बाईंनी तो घेतला, उठल्या, आणि मग हळूच सोडला. दारापासून टेबलापर्यंतच्या कोरड्या फरशीवर त्या गेल्या. पाय उचलून टाकले, घासले नाहीत. दोनदा थांबल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या तेव्हा श्वास लागला होता, आणि पाय थरथरत होते. इतके दिवस न वापरलेले पाय थरथरणारच.

त्यानंतर सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. व्यायामवालीचं आता त्या मनापासून ऐकायला लागल्या. नवे, खोल नक्षीचे बूट आले. वॉकर सुटला, काठी आली. पण काठी आल्यावर बाईंनी आपल्या घरी परत जायचं काढलं आणि घरात पुन्हा ठिणगी पडली. लेक ऐकायला तयार नव्हती. साबण होता हे मान्य, पण म्हणून तुझं हाड काही तरुण झालं नाही, असं ती म्हणाली. तेही खरंच होतं. मास्तर ह्या वेळी बायकोच्या समोर बसले आणि म्हणाले की आईंना जाऊ द्यावं. दोन दिवस नवरा-बायकोत अबोला होता. बाईंना फार वाईट वाटलं. आपल्यापायी हे, असं वाटून त्या मागे सरायच्या बेतात होत्या.

शेवटी एका संध्याकाळी, लेक त्यांच्या पायाला तेल लावत असताना, त्यांनीच विषय काढला.

“मी रोज बघते गं आई,” लेक म्हणाली. तिचा सूर भांडणाचा नव्हता, दमलेला होता. “तुझ्याच वयाच्या असतात सगळ्या. एकट्या राहणाऱ्या. प्रत्येकीच्या तोंडावर मला तुझं तोंड दिसतं.”

बाईंनी तिचा तेलकट हात धरला. “तू बघतेस त्या पडलेल्या. न पडलेल्या तुझ्या वॉर्डात येतच नाहीत. त्या घरी असतात, भाजी निवडत.”

लेक हसली नाही, पण तिने तो हात सोडवूनही घेतला नाही. मग तिने विचारलं, बाथरूममध्ये धरायला दांडा लावून देऊ का, आणि बाईंना कळलं की परवानगी मिळाली.

जायच्या आदल्या दिवशी लेक एकटीच त्या घरी गेली. गरम पाणी, ब्रश, बादल्या. ओट्यासमोरचा एकेक सांधा तिने गुडघे टेकून घासला. पाणी ओतायची, चोळायची, फेस आला की पुसायची, पुन्हा ओतायची. मास्तर तिला न्यायला गेले तेव्हा ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि टाच मागेपुढे घासून बघत होती. त्यांनी मदत करू का विचारलं. ती म्हणाली, नको, मला स्वतःला कळायला हवं. मग दोघांनी मिळून फरशी कोरडी केली आणि ओट्यासमोर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या.

बाई आता आपल्या घरी राहतात. काठी घेऊन खाली भाजीला जातात. मास्तर आठवड्यातून एक दुपार येतात. पुढचा धडा दाबाचा आहे, आणि त्यांनी आणलेली पिचकारी बाईंना अजिबात पसंत नाही. लेकीची भीती मात्र गेलेली नाही. ड्युटीवर चढण्याआधी तिचा रोज फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मग जरा थांबून, खाली कोरडं आहे ना? बाई त्यावर कधी चिडत नाहीत. फोन हातात घेऊन ओट्यापर्यंत जातात, वाकून खरोखर बघतात, आणि मगच सांगतात की हो, कोरडं आहे.